गालात धरायची गोळी

विडी सोडायला निघालेल्या माणसाला विडीची भीती वाटत नाही, गोळीची वाटते. लातुरात मेडिकलच्या काउंटरमागं उभं राहून हे मी पुन्हा पुन्हा पाहत आले आहे. निकोटिनच्या गोळ्यांचं पाकीट हातात घेतलं की गिऱ्हाईक ते उलटंपालटं करतं, त्यावरच्या 'निकोटिन'वर बोट ठेवतं आणि विचारतं, "ताई, ह्येच तर सोडायचंय ना? मग परत ह्येच कामून घ्यायचं?"

प्रश्न रास्त आहे. एका गोष्टीची सवय लागली की आयुष्याचं काय होतं हे या माणसानं अंगावर भोगलेलं असतं. म्हणून तो जपून घेतो. दिवसातून दोन गोळ्या, फार तर तीन. त्याही चहाबरोबर, कडाकडा चावून. आठ-दहा दिवसांत विडी परत ओठांत येते आणि गोळीचा काही उपयोग नाही ही बातमी टपरीवर, अडतीत, पाहुण्यारावळ्यांत पोचते. मग त्या गल्लीतला दुसरा कोणी ती मागायला येत नाही. मला याचं वाईट वाटतं, कारण त्या माणसाच्या रक्तात औषध पुरेसं गेलेलंच नसतं. हे औषध दिलं गेलं म्हणजे काम झालं असं नाही. ते कसं घ्यायचं हे सांगणं हा निम्मा उपचार आहे, आणि तो निम्मा भाग आमच्या हातात आहे.

माझे मामा एसटीत ड्रायव्हर आहेत. नोकरीची शेवटची काही वर्षं उरलीत. मुक्कामाच्या गाड्या त्यांनी फार केल्या. रात्री उशिरा गाव गाठायचं, गाडीत नाहीतर मंदिराच्या ओसरीवर पडायचं आणि तांबडं फुटायच्या आत गाडी परत काढायची. अशा वेळी जाग येताच हात आधी विडीच्या बंडलाकडं जायचा. तोंड धुण्याआधी, पाणी पिण्याआधी. मामांनी सोडायचं ठरवलं तेव्हा मी त्यांना पहिला प्रश्न हाच विचारला की सकाळी उठल्यावर पहिली विडी किती वेळात पेटते. दिवसाला किती ओढता हे मी नंतर विचारलं.

या प्रश्नामागं शास्त्र आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल-ओलोव्ह फागरस्ट्रॉम यांनी निकोटिनचं अवलंबन मोजायची जी प्रश्नावली बनवली, तिच्यात या एका प्रश्नाला मोठं वजन आहे. रात्रभर झोपेत रक्तातलं निकोटिन उतरत जातं. दर दोनेक तासांनी ते निम्म्यावर येतं. पहाटे मेंदू रिकाम्या हातानं जागा होतो. उठल्यावर तीस मिनिटांच्या आत ज्याला ओढावीच लागते, त्याचं अवलंबन जास्त, त्याला ४ मिलिग्रॅमची गोळी. तीस मिनिटांनंतरही जो थांबू शकतो, त्याला २ मिलिग्रॅमची. आपल्याकडं २ मिलिग्रॅमची गोळी चिठ्ठीशिवाय मिळते, ४ ला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. त्यामुळं गिऱ्हाईक साहजिकच २ ची उचलतं आणि पहाटे पाचला ओढणाऱ्या माणसाला ती पुरत नाही. मामांना मी आधी डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांना रक्तदाब आहे, साखर आहे, शिवाय छाती तपासायची होतीच. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेला असेल, ठोके अनियमित पडत असतील, छातीत दुखणं वाढत चाललं असेल, पोटात अल्सर असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हे औषध सुरू करू नये. मामांचा ईसीजी ठीक निघाला आणि चिठ्ठी मिळाली.

"मग ह्यात बी तेच विष हाय की गं माय," मामा म्हणाले.

मी त्यांना सांगितलं ते इथंही सांगते. माणसाला बांधून ठेवतं ते निकोटिन. पण फुप्फुसं जळतात, रक्तवाहिन्या कडक होतात, कॅन्सर होतो तो प्रामुख्यानं धुरानं. तंबाखूच्या धुरात सात हजारांवर रसायनं सापडली आहेत आणि त्यांतली सत्तरच्या आसपास कॅन्सर करणारी आहेत. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा अडवतं. विडीत तर तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असते, पण तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही. ती सारखी विझते, म्हणून माणूस जोरजोरानं आणि जास्त वेळा ओढतो. टार, म्हणजे धुरातला चिकट डांबरासारखा अंश, आणि मोनॉक्साइड सिगारेटच्या तोडीस तोड, पुष्कळदा जास्तच आत जातं. विडी साधी, गावठी, म्हणून कमी वाईट, ही समजूत आमच्याकडं फार पक्की आहे आणि ती साफ खोटी आहे. गोळीत धूर नाही, टार नाही, मोनॉक्साइड नाही. निकोटिन मात्र आहे. ते निरुपद्रवी नाही, त्यानं ठोके वाढतात, रक्तदाब चढतो. म्हणूनच त्याला मात्रा आहे आणि मुदतही आहे.

मामांच्या शेतात औशाकडं ठिबक आहे, त्यामुळं पुढचं सांगायला सोपं गेलं. विडीतलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, मोटर सुरू करून मोकाट पाणी सोडावं तसं. गोळी ठिबकसारखी चालते. ती अर्धा तास घेते आणि मेंदूला जेमतेम ओलावा देते. विडीसारखा झटका तिच्यात कधीच मिळणार नाही. तो मिळावा अशी अपेक्षाही ठेवायची नाही, कारण झटक्याचीच तर सवय मोडायची आहे. म्हणूनच तलफ डोक्यावर बसल्यावर गोळी शोधून उपयोग नाही. सुरुवातीचे दिवस घड्याळ बघून घ्यायची.

अशी औषधं सुचली कशी, तेही मामांना आवडलं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये लुंडचे शरीरशास्त्रज्ञ क्लेस लुंडग्रेन यांच्या लक्षात आलं की पाणबुडीतले नाविक आत सिगारेट पेटवता येत नाही म्हणून तोंडातली तंबाखू वापरतात आणि त्यावर भागवतात. त्यांनी हे ओव्ह फर्नो या औषध संशोधकाला कळवलं. त्यातून आधी निकोटिनचं च्युइंगगम आलं, १९७८ मध्ये स्वित्झर्लंडनं त्याला प्रथम मान्यता दिली. गालात धरायची गोळी बरीच नंतरची, अमेरिकेत तिला २००२ मध्ये मान्यता मिळाली. मामा म्हणाले, "आमचं बी तसंच की. गाडीत पाशिंजर असल्यावर कुठं वडतो आमी? मग तंबाखूचा बार भरायचा." धूम्रपान मनाईची पाटी एसटीत डोक्यावरच असते. विडीवाला ड्रायव्हर दोन थांब्यांच्या मधे तंबाखूवर येतो, आणि घरी सांगताना फक्त विडी सांगतो. डॉक्टरांना मात्र दोन्ही सांगायला हवं, कारण मात्रा त्यावर ठरते. आणि गोळी सुरू केल्यावर गालात तंबाखूचा बार नको. दोन्हीकडचं निकोटिन एकत्र झालं तर मळमळ, घाम, चक्कर, तोंडाला पाणी सुटणं, छातीत धडधड सुरू होऊ शकते.

आता वापराची रीत. गोळी चावायची नाही, गिळायची नाही. गाल आणि हिरडी यांच्या मधे ठेवायची आणि थोड्या थोड्या वेळानं जिभेनं दुसऱ्या बाजूला सरकवायची. विरघळायला वीस ते तीस मिनिटं लागतात. छोट्या आकाराची मिनी गोळी असते, ती दहाएक मिनिटांत जाते. जिभेला चुणचुण होते, घशात जरा गरम लागतं. लाळ शक्यतो कमी गिळायची. निकोटिन गालाच्या आतल्या नाजूक कातडीतून रक्तात जायला हवं. पोटात गेलं तर ते जठराला त्रास देतं, आणि पुढं यकृत त्यातलं बरंचसं मोडून टाकतं. म्हणजे चावून खाल्लेल्या गोळीतून उचकी, जळजळ आणि मळमळ मिळते, आधार मिळत नाही. बहुतेकांची पहिली तक्रार उचकीचीच असते. त्यांना मी एवढंच विचारते की गोळी चोखली का. उत्तर नेहमी हो असतं. चोखणं थांबवलं की उचकी थांबते.

मामांना पहिली गोळी मी सुट्टीच्या दिवशी, घरी बसून घ्यायला लावली. नव्या औषधानं एखाद्याला गरगरतं, आणि पन्नास माणसं मागं बसवून ते आजमावायचं नसतं.

तंबाखू मळणाऱ्या माणसाला एक गोष्ट न शिकता कळते, चुन्याशिवाय तंबाखू चढत नाही. कारण चुन्यानं तोंडातला आंबटपणा मरतो, आणि अशा अल्कलीच्या वातावरणातच निकोटिन मोकळं होऊन कातडीतून आत शिरतं. गोळी बनवणाऱ्यांनी हेच तत्त्व वापरलंय. तिच्यात तोंडाचा आंबटपणा कमी करणारे क्षार घातलेले असतात. उलट बाजूनं पाहा. कॉफी, कोल्ड्रिंक, लिंबू सरबत, फळांचा रस असं काही पिऊन लगेच गोळी ठेवली तर त्या आंबटपणात निकोटिन अडकून बसतं आणि लाळेबरोबर पोटात जातं. म्हणून गोळीच्या आधी पंधरा मिनिटं आणि गोळी तोंडात असेपर्यंत काही खायचं-प्यायचं नाही. हा नियम पाकिटातल्या पत्रकात असतो, पण बारीक अक्षरात आणि बहुधा इंग्रजीत. आमच्या भागात त्या नियमाची यादी वेगळी करावी लागते. ताक. आंबील. पन्हं. चिंचेचं सार. आणि चहा, जो लातुरात तास-दोन तासांनी समोर येतोच. दिवसात दहा वेळा अर्धा-अर्धा कप घेणाऱ्या माणसाला पंधरा मिनिटांची कोरडी फट शोधावी लागते. ती त्याला शोधून द्यावी लागते. मी मामांबरोबर बसून त्यांच्या ड्यूटीचा कागद पुढं ठेवला आणि कुठल्या थांब्यावर चहा, कुठल्या थांब्यानंतर गोळी, हे लिहून काढलं. फार्मसीच्या पुस्तकात हे काम कुठं दिलेलं नाही, पण मला ते औषध मोजून देण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

चहाचं आणखी एक आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक असतं. धुरातली काही रसायनं यकृतातलं एक एन्झाइम जास्त वेगानं कामाला लावतात. चहा-कॉफीतलं कॅफीन त्याच एन्झाइमनं मोडतं. विडी बंद झाली की तो वेग उतरतो आणि तेवढाच चहा प्यायला तरी रक्तात कॅफीन जास्त वेळ टिकतं. पहिल्या आठवड्यात मामांना झोप येईना, हात थरथरायचे. त्यांना वाटलं गोळी सोसत नाही. मी चहा निम्म्यावर आणायला सांगितला, विशेषतः संध्याकाळनंतरचा, आणि दोन-चार दिवसांत फरक पडला. निकोटिननं हा वेग बदलत नाही, तो धुरानं बदलतो. त्यामुळं गोळी चालू असली तरी हे होतंच. चहापुरतं ठीक आहे, पण दम्यासाठी थिओफायलिन असलेली गोळी घेणारे पुष्कळ म्हातारे आमच्याकडं आहेत. विडी सुटली की त्यांच्या रक्तात ते औषध वाढू शकतं आणि उलट्या, धडधड सुरू होऊ शकते. मानसिक आजारावरच्या क्लोझापीन, ओलान्झापीन या औषधांचंही तेच. अशा माणसानं विडी सोडायच्या आधी आपल्या डॉक्टरांना सांगून ठेवावं, म्हणजे मात्रा बघता येते. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असलेल्यांनीही सुरुवातीला साखर जरा जास्त वेळा तपासावी. मामांना तेवढं सांगून ठेवलं होतं.

गोळ्या किती, हा सगळ्यांना अडणारा प्रश्न. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक. दिवसाला निदान नऊ तरी व्हाव्यात असं पत्रक सांगतं, आणि ऐकणारा दचकतो तो इथंच. सातव्या ते नवव्या आठवड्यात दर दोन ते चार तासांनी. दहाव्या ते बाराव्यात दर चार ते आठ तासांनी. मग बंद. वरची मर्यादाही तितकीच पक्की आहे. एका वेळी एकच, एक संपली की लगेच दुसरी नाही, सहा तासांत पाचपेक्षा जास्त नाहीत, चोवीस तासांत वीसपेक्षा जास्त नाहीत. कंपनीप्रमाणं पत्रकात थोडा फरक असतो, तेव्हा आपल्या पाकिटातलं पत्रक वाचून घ्यावं, येत नसेल तर दुकानदाराकडून वाचून घ्यावं. दिवसाला नऊ ऐकून घाबरणाऱ्याला मी त्याच्याच विड्या मोजायला सांगते. एक बंडल वीस-पंचवीस विड्यांचं. तेवढं निकोटिन ज्या शरीराला रोज लागत होतं, त्याला दोन गोळ्यांवर बसवणं म्हणजे उपाशी बसवणं. निकोटिनचा आधार घेऊन सोडणाऱ्यांत यश मिळण्याचं प्रमाण, आधाराशिवाय सोडणाऱ्यांपेक्षा सुमारे दीडपट असतं, हे कितीतरी चाचण्या एकत्र तपासून सिद्ध झालेलं आहे. ज्याला एकट्या गोळीनं भागत नाही त्याला डॉक्टर दंडावर लावायची निकोटिनची पट्टी आणि वरून गोळी असं दोन्ही देतात. त्यानं यश आणखी वाढतं.

आणि पोट. यावर कुठल्याच पत्रकात धड काही नसतं, पण मराठवाड्यात विडी न सुटण्याचं हे मोठं कारण आहे. विडीशिवाय परसाकडला होत नाही, हे बायकांसमोर बोलायचं नाही म्हणून माणसं माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगतात. यात खोटं काही नाही. निकोटिन आतड्याला चालना देतं, ते थांबलं की काही दिवस कोठा जड होतो. सकाळी उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, जेवणात ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी, रात्री इसबगोल, एवढ्यावर बहुतेकांचं निभतं आणि दोन-तीन आठवड्यांत शरीर स्वतःची वेळ धरतं. खोकलाही सुरुवातीला वाढल्यासारखा वाटतो. तोंड येतं. चिडचिड पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त. मामी म्हणाली होती, "विडी बरी होती म्हणायची पाळी आणली ह्यांनी." मी तिला कॅलेंडरवर दाखवलं, इथपर्यंत सोस, पुढं उतरत जाईल. तसं ते उतरलंही.

मार्गशीर्षातली येळवस आली तेव्हा मामा औषधाच्या मधल्या टप्प्यात होते. लातूर-धाराशिवकडं या दिवशी गावं ओस पडतात, सगळी माणसं रानात. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, भज्जी, उंडे, बाजरीची भाकरी आणि बिंदगीतली आंबील. पोटभर जेवण झाल्यावर बाप्ये लिंबाखाली पसरले आणि बंडल फिरायला लागलं. जेवणानंतरची विडी ही सगळ्यात अवघड. त्यात आंबील ताकाची, तोंड आंबट झालेलं. गोळी ठेवून उपयोग नाही आणि पंधरा मिनिटं थांबणं तर भाग. मी त्यांना चुळा भरायला लावलं आणि बांधावरून चालायला घेतलं. तूर काढणीला आलेली, हरभरा घाट्यावर. ते माझ्याशी बोलत नव्हते. अर्ध्या वावरातून ते परत फिरले, त्या माणसांत गेले आणि कोणाच्या तरी हातातली विडी घेऊन दोन झुरके मारले.

मग माझ्याकडं बघून म्हणाले, "झालं. आता पहिल्यापासनं का?"

नाही. पहिल्यापासून काहीही नाही. हे मला त्या दिवशी ठामपणे सांगता आलं, कारण याचं उत्तर माहीत होतं. पूर्वी पाकिटावर लिहिलेलं असायचं की हे औषध चालू असताना विडी-सिगारेट ओढू नका, ओढली तर औषध थांबवा. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं हा इशारा बदलायला मुभा दिली, कारण गोळी चालू असताना एखादी सिगारेट ओढली तर त्यानं मोठा धोका होतो असं आढळलं नव्हतं. भीतीनं औषध सोडून पूर्णवेळ विडीवर परत जाणं हाच जास्त मोठा धोका. दोन झुरके गेले, ते गेले. संध्याकाळची गोळी वेळेवर घ्यायची. मामांनी घेतली. दुसऱ्या दिवशीची पहाट बिनविडीची गेली.

नातवाची काळजी मात्र आम्हांला आधीपासून होती. पुदिन्याच्या चवीची पांढरी गोळी दोन-तीन वर्षांच्या लेकरानं तोंडात टाकली तर थोडं निकोटिनही त्याला घातक ठरू शकतं. पाकीट सदऱ्याच्या खिशात ठेवून सदरा खुंटीला अडकवायचा ही बाप्यांची सवय. मामीनं वरच्या फळीवर झाकणाचा डबा केला. अर्धवट विरघळलेली गोळी अंगणात थुंकायची नाही, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायची. लेकरानं खाल्लीच तर उलटी करवत बसू नये, पाकीट बरोबर घेऊन सरळ दवाखाना गाठावा. उन्हाळ्यात गाडीच्या काचेपाशी पाकीट ठेवू नये, लातूरच्या मे महिन्यात औषध खराब होतं.

मी आतापर्यंत बाप्यांचंच लिहिलं, कारण विडीचं बोलायचं म्हटलं की तेच समोर येतात. पण २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि धूर नसलेली तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. त्यात बायका आहेत, आणि त्या मिसरीवर आहेत. भाजलेली तंबाखू दातांना घासायची, सकाळी, मग दुपारी, मग कामावरून आल्यावर. पहाटे घासल्याशिवाय डोकं उठतं, असं त्या सांगतात आणि ती मिसरीची तलफ आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. दुकानात गर्दी नसताना येतात, माझ्या नवऱ्याला वगळून माझ्याशी बोलतात. एकीनं विचारलं, "टीव्हीत दाखवत्यात ती गोळी मला चालंल का?" तिच्या पोटात पाच महिन्यांचं होतं. तिला मी गोळी दिली नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईनं ही गोळी आपल्या मनानं घ्यायची नाही. आधी औषधाशिवाय, समुपदेशनाच्या आधारानं सोडून बघायचं, आणि नाहीच जमलं तर डॉक्टर ठरवतील. मिसरी चालू ठेवणं हाही पर्याय नाही, पोटातल्या बाळाचं वजन त्यानं कमी भरतं. तिला मी आशाताईच्या बरोबर सरकारी दवाखान्यात पाठवलं. बाकीच्या मिसरीवाल्या, तंबाखूवाल्यांनाही डॉक्टर कधी कधी ही गोळी देतात. पण ती मुख्यतः ओढणाऱ्यांवर तपासलेली आहे, मिसरीची मात्रा पाकिटावरून ठरत नाही, म्हणून त्यांनी चिठ्ठी घेऊनच यावं असं माझं म्हणणं असतं.

आमच्या भागात घरातल्या कोणाला "बार्शीला नेलंय" म्हटलं की पुढं विचारावं लागत नाही. तिथल्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात धाराशिव-लातूरकडची किती माणसं तोंडाला रुमाल बांधून बसलेली असतात, हे ज्यानं पाहिलं त्याला मिसरीची आणि तंबाखूची वेगळी समजूत घालावी लागत नाही.

लातुरात शिकायला आलेल्या पोरांचा विषय निराळा आणि मला जास्त जाळणारा आहे. क्लासच्या मधल्या सुट्टीत टपरीवर सिगारेट पेटते. शाळा-कॉलेजच्या शंभर यार्डांत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी. अठराच्या आतलं पोरगं गोळी मागायला आलं तर मी देत नाही, पण त्याला रिकाम्या हातानंही पाठवत नाही. १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर कागदावर लिहून देते. २०१६ मध्ये ही सेवा सुरू झाली, आता तंबाखू-सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर हा नंबर छापलेला असतो, आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही तिचं केंद्र आहे. फोनवर माणूस बोलतो, तारीख ठरवून देतो, नंतर स्वतःहून फोन करून विचारतो. आईबापांपासून लांब, खोलीत एकट्या राहणाऱ्या पोराला तो एक फोन पुष्कळ असतो.

मामांचा बारावा आठवडा संपला. एक-दोन गोळ्या त्यांनी खिशात राहू दिल्या, लग्नाकार्यासाठी म्हणून, आणि त्याला माझी हरकत नव्हती. पण मामांना पगार आहे, डॉक्टर आहे, भाची दुकानात आहे. ज्यांच्याकडं यातलं काहीच नाही त्यांचं काय, हा माझ्या मनातला खरा विषय आहे. निकोटिनचा हा आधार २०२२ मध्ये केंद्राच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आला. म्हणजे तो सरकारी दवाखान्यात असायला हवा, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी मिळाला तरी तेवढ्यानं भागत नाही. दिवाळीच्या सुमाराला बीड, लातूर, धाराशिवच्या तांड्यांतून आणि वाड्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. भूक मारायला पहाटे तंबाखू, दुपारी विडी, बाईच्या हातात मिसरी. फडावर मेडिकल नसतं. बारा आठवड्यांचा हा उपचार त्यांच्या त्या हंगामात पुरता बसतो. तेव्हा गाडी भरायच्या आधी, गावातल्याच आरोग्य केंद्रात त्यांची तपासणी व्हावी, ज्यांना चालते त्यांना पूर्ण बारा आठवड्यांच्या गोळ्या एकदम मिळाव्यात, आणि आंबील, चहा, लेकरू, दिवसाला किती, हे सगळं मोठ्या मराठी अक्षरात छापलेला एक कागद बरोबर असावा. तो कागद मी लिहून ठेवला आहे. आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही आरोग्य केंद्राला हवा असेल तर दुकानात येऊन घेऊन जावा.